मिठाई, ऋतू आणि तीन ओळी: इंग्रजी हायकूचे एक वर्ष

इंग्रजीत हायकू लिहायला बसलेल्या माणसाचा पहिला तास बोटांवर मोजण्यातच जातो. पाच, सात, पाच: तीन ओळींतल्या अक्षरांचा हिशेब. हा आकडा कुठून तरी डोक्यात बसलेला असतो आणि तो उठवल्याशिवाय पुढचे काही सुचत नाही. जपानी मिठाई आणि ऋतू यांवर इंग्रजी हायकूंचा एक लहानसा संच २०२५ च्या जानेवारीत सुरू करून डिसेंबरात पुरा केला, त्याचे हे टिपण आहे. याच वाटेने कोणाला जायचे असेल तर कुठे काय लागते, किती थांबावे लागते आणि खिशाला किती चाट बसते, हे आधी कळलेले बरे. इंग्रजी ओळी इथे देवनागरीतच दिल्या आहेत. त्या मोठ्याने वाचाव्यात. हायकूचे निम्मे काम कानाने होते.

आकड्याचा गोंधळ आधी मिटवू. जपानीत मोजतात ते ‘ओन्’. मात्रा मोजायची सवय असलेल्या मराठी माणसाला ते इंग्रजांपेक्षा लवकर कळते. दीर्घ स्वराचे दोन ओन्, शेवटच्या ‘न्’चा स्वतंत्र एक, द्वित्त व्यंजनाआधीच्या थांब्याचाही एक. त्यामुळे तोक्योचे तो-ओ-क्यो-ओ असे चार होतात आणि निप्पोनचेही चारच. इंग्रजीतले एक अक्षर याहून जड असते: ‘स्ट्रेंग्थ’ एका दमात, एकाच अक्षरात उच्चारतात. म्हणून सतरा ओन्मध्ये जेवढे मावते तेवढे इंग्रजीत दहा ते चौदा अक्षरांत मावते. सतरा भरायला गेलात की विशेषणे आत शिरतात. इंग्रजी हायकूची मासिके चालवणारे संपादक अक्षरे मोजत बसत नाहीत. आखूड-लांब-आखूड असा साधारण डौल असला तरी पुरते, आणि तोही नसलेल्या एकोळी हायकू छापून येतात.

दुसरी सवय आपली स्वतःची. मराठीत हायकू शिरीष पै यांनी रुजवला आणि त्यांच्या हायकूंमुळे तीनपैकी दोन ओळींचे यमक आपल्या कानात बसले आहे. इंग्रजीत ते चालत नाही. यमक आले की कविता पाळण्यातल्या गाण्यासारखी वाजते आणि संपादक पुढच्या कवितेकडे वळतो.

जानेवारीत एवढे शिकून झाले की साइजिकी उघडायची. साइजिकी म्हणजे ऋतुशब्दांचा कोश. त्यातल्या प्रत्येक शब्दाला, म्हणजे किगोला, ऋतू नेमून दिलेला असतो आणि नववर्ष हा वेगळा पाचवा विभाग असतो. इथे बाहेरच्या माणसाची पहिली फसगत होते, कारण हे ऋतू खिडकीबाहेरच्या हवेवर ठरत नाहीत. वसंत ‘रिश्शुन’ला लागतो, म्हणजे फेब्रुवारीच्या ३ किंवा ४ तारखेला. २०२५ मध्ये तो ३ फेब्रुवारीला लागला, तेव्हा तोक्योत कडाक्याची थंडी होती. उन्हाळा ५ मेच्या सुमारास सुरू होतो, शरद ७ ऑगस्टला ऐन उकाड्यात, हिवाळा ७ नोव्हेंबरला. त्यामुळे तानाबाता हा ७ जुलैचा ताऱ्यांचा सण कोशात शरदात सापडतो. मिठाईच्या पानांवरही असेच धक्के बसतात. आमाझाके हे गरम प्यायचे गोड पेय उन्हाळ्याचे किगो आहे. वाराबीमोची ही नेच्याच्या पिठाची लुसलुशीत मिठाई लोक उन्हाळ्यात बर्फावर ठेवून खातात, पण कोशात ती वसंताची. मिझुयोकान ही पुरणाची थंड वडी आणि किसलेल्या बर्फाचा काकिगोरी उन्हाळ्याचे, ताइयाकी ही पुरण भरलेली माशाच्या आकाराची गरम मिठाई हिवाळ्याची.

वहीत बारा पाने करून प्रत्येक महिन्याच्या दोन-तीन मिठाया आधीच लिहून ठेवाव्यात. याचे कारण अगदी व्यवहारी आहे: त्या फार थोडे दिवस मिळतात. नववर्षाची हानाबिरामोची जानेवारी सरला की दुकानातून गायब होते. पांढऱ्या मोचीच्या, म्हणजे चिकट तांदळाच्या मऊ पोळीच्या, घडीत गुलाबी चौकट, पांढऱ्या मिसोचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचे, सारण आणि बाहेर दोन्ही टोकांनी डोकावणारी गोबोची, म्हणजे एका लांब मुळाची, गोड शिजवलेली काडी. उरासेन्के घराण्याच्या वर्षातल्या पहिल्या चहासमारंभात हीच असते. फेब्रुवारीत उगुइसुमोची येते, हिरवट सोयापिठात घोळवलेली आणि दोन्ही टोकांना चिमटून पक्ष्याचा आकार दिलेली. ३ मार्चच्या हिनामात्सुरीला, म्हणजे बाहुल्यांच्या सणाला, हिशिमोचीचे गुलाबी, पांढरे, हिरवे थर.

खरेदीचे सांगायचे तर जपानात डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातला खाद्यविभाग सर्वांत सोयीचा. एकच नग मागितला तरी कोणी नाक मुरडत नाही. चहासमारंभाच्या दर्जाची नामागाशी, म्हणजे ताजी मऊ मिठाई, साधारण ४०० ते ६०० येनला एक, गल्लीतल्या दुकानातली साकुरामोची २०० ते ३०० येनच्या आसपास. महिन्याला तीन-चार नग धरले तर वर्षभरात कवितांपेक्षा मिठाईवरच जास्त पैसे जातात, हे आधीच मान्य करून टाकावे. मोचीचे प्रकार त्याच दिवशी खायचे. फ्रिजमध्ये ठेवले की तांदूळ कडक होतो आणि तुम्ही ज्याबद्दल लिहिणार ती वस्तूच उरत नाही.

खाताना लगेच टिपण करावे, आणि चवीपासून सुरुवात करू नये. गोड, मऊ, हलके यापलीकडे चवीबद्दल फारसे लिहिता येत नाही. टिपण्याजोगे असते ते आजूबाजूला: कुरोमोजीच्या लाकडी काडीने कापताना आनला, म्हणजे अझुकी या तांबड्या कडधान्याच्या गोड पुरणाला, पडलेली चीर, कागदावर उमटलेला तेलाचा किंवा पिठाचा ठसा, आधी कोणी उचलले, ताटात काय उरले. कवितेला पुढे हेच उपयोगी पडते.

आणखी एक अडचण सुरुवातीच्या महिन्यांतच कळते आणि ती वर्षभर पाठ सोडत नाही. चहाच्या मिठाईला स्वतःचे काव्यमय नाव असते, ‘मेइ’. समारंभात पाहुणे ते नाव यजमानाला विचारतातही. नेरिकिरीचा, म्हणजे मळलेल्या पांढऱ्या पुरणाचा, एक गोळा, त्यावर दोन खाचा, आणि नाव असते वितळत्या बर्फाचे किंवा पहिल्या पालवीचे. कारागिराने प्रतिमा आधीच करून ठेवलेली असते. त्या गोळ्याकडे पाहून ‘जणू वितळता बर्फ’ लिहिणे म्हणजे त्याच्याच कवितेची नक्कल. माझे मत असे झाले की मिठाई ऋतू आणून देते, तेवढेच तिच्याकडून घ्यावे. कवितेच्या उरलेल्या दोन ओळींत मिठाईही नको आणि ऋतूही नको.

मार्चमध्ये हे साकुरामोचीवर करून पाहिले. तोक्योची पद्धत गव्हाच्या पिठाच्या पातळ धिरड्यात आन गुंडाळण्याची. कान्साईत, म्हणजे क्योतो-ओसाकाकडे, दोम्योजी, म्हणजे वाफवून वाळवलेल्या चिकट तांदळाचा भरडा वापरतात, त्यामुळे बाहेरचा पोत दाणेदार असतो. दोन्हींवर ओशिमा जातीच्या चेरीचे खारवलेले पान. ताज्या पानाला तो वास नसतो, मिठात मुरल्यावर कुमारिन हे सुगंधी द्रव्य तयार होते आणि तेव्हा तो येतो. तोक्योतल्या सुमिदा नदीकाठी चोमेइजी देवळाशेजारच्या दुकानात ही मिठाई १७१७ पासून विकली जाते. हायकूला स्वतंत्र कविता म्हणून उभे करणारे मासाओका शिकी १८८८ च्या उन्हाळ्यात त्याच दुकानाच्या माडीवर राहिले होते. इंग्रजी हायकूवाल्याने तिथली एक मोची विकत घेणे म्हणजे तीर्थयात्राच, पण नंतर ती माहिती कवितेत कोंबायची नाही.

पहिला खर्डा बहुतेकांचा असाच निघतो:

ब्यूटिफुल पिंक स्वीट
रॅप्ड इन सॉल्टेड चेरी लीफ
स्प्रिंग इज हिअर अगेन

बरोबर पाच-सात-पाच, आणि बरोबर निर्जीव. सुंदर आहे हे कवीने सांगितले, वाचकाला दिसले काहीच नाही. पानात गुंडाळलेली आहे हे वर्णन दुकानाच्या पाटीवरही असते. तिसरी ओळ सर्वांत वाईट. चेरीचे पान आल्यावर वसंत आला हे पुन्हा सांगायची गरज नव्हती. दोन किगो एका हायकूत येण्याला जपानीत ‘किगासानारी’ म्हणतात आणि नवख्याने तो दोषच समजावा. मिठाईच्या कवितांत तो फार सहज होतो, कारण मिठाई हे किगो आहे हे लक्षातच येत नाही. साकुरामोचीबरोबर वसंतातला पाऊस, काकिगोरीबरोबर सिकाडा या किड्याची किरकिर, ताइयाकीबरोबर बर्फ. प्रत्येक वेळी दुसरा शब्द खोडायचा.

दुसऱ्या खर्ड्यात माणसे आली:

साकुरामोची—
शी ईट्स द लीफ टू,
आय लीव्ह माइन

आता तिथे काहीतरी घडते आहे. पान खायचे की काढून ठेवायचे यावर जपानी घरांत खरोखरच दोन पक्ष असतात. आडव्या रेघेने पहिली ओळ तोडली आहे. जपानीत हे काम ‘या’, ‘काना’, ‘केरी’ असे तोडणारे शब्द करतात. इंग्रजीत तसे शब्द नसल्याने रेघ, टिंबे किंवा नुसती ओळ मोडून भागवतात. तोड एकच हवी. तिन्ही ओळींच्या शेवटी थांबावे लागत असेल तर ती वाणसामानाची यादी झाली, आणि कुठेच थांबावे लागत नसेल तर ते तीन तुकड्यांत कापलेले वाक्य आहे. या खर्ड्याची खोट वेगळी: तो सगळेच सांगून टाकतो. ती अशी, मी असा. वाचकाला काम उरत नाही. काही आठवड्यांनी ‘मी’ आणि ‘ती’ दोघांनाही बाहेर काढले:

साकुरामोची—
ऑल थ्री ईटन
टू लीव्ह्ज लेफ्ट

तिन्ही संपल्या, पाने दोनच उरली. बारा अक्षरे. तिसरे पान कोणी खाल्ले ते वाचकाने शोधावे. शेवटच्या ओळीतले दोन ‘ल’ मुद्दाम ठेवले आहेत. हायकूत आवाजाची एवढी चैन चालते.

खर्डे करताना मराठी माणसाचा इंग्रजीतला जुना शत्रू इथेही भेटतो: ‘अ’ आणि ‘द’. आपल्याला ती उपपदे नसतात, त्यात हायकू आखूड हवा म्हणून सगळीच गाळावीशी वाटतात. मग ओळ तारेच्या मजकुरासारखी होते. मी पाळलेला नियम सोपा आहे. एका ओळीच्या तुकड्यात उपपद गाळता येते, उरलेल्या दोन ओळी मात्र बोलण्यातल्या वाक्यासारख्या वाचता आल्या पाहिजेत. ‘-इंग’ची क्रियापदे कवितेत एकापेक्षा जास्त नकोत. वर्तमानकाळ ठेवावा, मोठी अक्षरे टाळावीत, ओळीच्या शेवटी पूर्णविराम नको.

मेमध्ये काशिवामोची आली. हिचे ओकचे पान खायचे नसते, त्यामुळे पानाचा जुना विनोद आपोआप बाद. ती ५ मेला, मुलांच्या सणाला खातात. कारण या ओकची जुनी पाने नवी पालवी फुटेपर्यंत गळत नाहीत आणि त्यात वंश खंडित न होण्याचा शुभसंकेत मानला जातो. सणाचे नाव लिहिले तर लगेच किगासानारी होते, कारण सण आणि मोची दोन्ही उन्हाळ्याच्या आरंभाची. आणि वंशाची गोष्ट उघड लिहिली तर निबंध होतो. मग घरातली एखादी वस्तू शोधावी लागते:

काशिवामोची—
द टॉप बंक
स्टिल मेड अप

दुमजली खाटेवरचा वरचा बिछाना अजून घातलेला आहे. मूल घर सोडून गेले आहे असे कुठे म्हटलेले नाही. ओकच्या पानाची गोष्ट ठाऊक असलेल्याला एक अर्थ जास्त मिळतो, नसलेल्याचे अडत नाही. इंग्रजी वाचकासाठी जपानी शब्द वापरताना हीच कसोटी लावावी. एका कवितेत एकच अनोळखी शब्द, आणि तो न कळताही कविता उभी राहिली पाहिजे. तळटीप देऊ नये; तीन ओळींखाली चार ओळींची टीप फार केविलवाणी दिसते.

ही कसोटी जूनमध्ये मोडली. क्योतोत ३० जूनला, अर्धे वर्ष सरल्याच्या दिवशी, मिनाझुकी खातात: उइरोचा, म्हणजे वाफवलेल्या तांदळाच्या पिठाच्या वडीचा, पांढरा त्रिकोण आणि वर अझुकीचे दाणे. देवळांत त्या दिवशी गवताच्या मोठ्या कड्यातून पार जाऊन सहा महिन्यांचे किल्मिष झटकतात. त्रिकोण हा बर्फाचा तुकडा समजायचा, कारण दरबारात या सुमारास बर्फघरातला बर्फ खायची रीत होती आणि सामान्यांना तो परवडत नसे. दाणे अरिष्ट टाळण्यासाठी. यातले काहीच सांगितले नाही तर इंग्रजी वाचकापुढे फक्त एक परका शब्द उरतो. इथे हायकू सोडून हायबुन घ्यावा, म्हणजे आधी गद्याचा एक परिच्छेद आणि शेवटी एक हायकू. माहिती गद्यात जाते, हायकू मोकळा राहतो. हायबुनचे शब्द दीडशे-दोनशेच्या आत ठेवावेत, आणि हायकूने गद्यातलीच गोष्ट परत सांगायची नाही. मासिकांत हायबुनसाठी बहुधा वेगळा विभाग आणि कधी वेगळा संपादक असतो. पाठवताना ते पाहून घ्यावे.

जून-जुलैच्या पावसात काहीच जमत नाही. वही रिकामी राहते, कंटाळा येतो, जुने खर्डे सगळे फालतू वाटतात. त्या काळात नवे लिहिण्याचा हट्ट सोडून जुने खोडत बसणे जास्त फायद्याचे ठरले. भर उन्हाळ्याची एकच कविता संचात टिकली, आणि तीही सेनर्यूकडे झुकलेली. सेनर्यूचा साचा तोच, पण रोख माणसाच्या वागण्यावर आणि ऋतुशब्दाची सक्ती नाही:

शेव्ह्ड आइस
ही लेट्स मी विन
द आर्ग्युमेंट

वादात तो हार मानतो, कारण बर्फ वितळतो आहे. हायकू की सेनर्यू असा वाद घालणारे लोक आहेत. पाठवताना संपादकाला ठरवू द्यावे.

शरदात संच दुसऱ्यांपुढे ठेवायची वेळ आली. त्यासाठी कुकाई हा जपानी प्रकार सर्वांत उत्तम, आणि इंग्रजीतले कुकाई बहुतेक ईमेलवर किंवा व्हिडिओ कॉलवर चालतात. प्रत्यक्ष बैठकीत प्रत्येकाने ठरलेल्या कविता वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर नावाशिवाय लिहून द्यायच्या. चिठ्ठ्या पिसून वाटतात आणि जो तो आपल्या हातात आलेल्या चिठ्ठ्या एका कागदावर उतरवतो, म्हणजे अक्षरावरूनही कवी ओळखू येत नाही. मग ते कागद फिरतात, प्रत्येक जण ठरलेल्या संख्येइतक्या आवडलेल्या कविता निवडतो, स्वतःची सोडून. निवड मोठ्याने वाचली जाते आणि आपली कविता वाचली गेली की त्या क्षणी कवी आपले नाव सांगतो. ज्यांची कविता कोणीच निवडत नाही ते गप्प बसतात. ते गप्प बसणे झोंबते, यात लपवण्यासारखे काही नाही. पण एवढी खरी परीक्षा दुसरीकडे कुठे होत नाही, कारण इथे मैत्रीचे गुण मिळत नाहीत. ईमेलवर हेच काम संयोजक एका यादीत करतो. कविता गोळा करणे, यादी पाठवणे, मते मागवणे यात दोन ते तीन आठवडे जातात.

२०२५ चा कोजागरीसारखा जपानी चंद्रदर्शनाचा दिवस, जुगोया, ६ ऑक्टोबरला आला. पूर्व जपानात त्सुकिमीदांगोचे पंधरा पांढरे गोळे रचून ठेवतात. क्योतोकडचे गोळे अळकुडीच्या आकाराचे असतात आणि त्यांवर आनचा पट्टा असतो. या दिवसाची पहिली कविता चंद्राचे नावही न घेता लिहिली होती: पंधरा गोळे आणि रेंगाळणारा ढग. जपानी वाचकाला पंधरा म्हटल्यावर पुरे, पण कुकाईतल्या इंग्रजी वाचकांना तो नुसता हिशेब वाटला. म्हणून:

मून व्ह्यूइंग—
फिफ्टीन डंपलिंग्ज
अँड वन क्लाउड

ढगाने झाकलेल्या या चंद्राला साइजिकीत ‘मुगेत्सु’ असे स्वतंत्र किगोच आहे. कविता वाईट नाही, पण आकड्यांची खेळी साकुरामोचीत एकदा झालेली होती. एका संचात एक युक्ती दोनदा दिसली की दोन्ही कविता पातळ होतात, म्हणून ही शेवटी संचाबाहेर ठेवून एकटीच पाठवली.

पाठवण्याचे काम ऑक्टोबरात सुरू केले आणि ते लिहिण्याइतकेच चिवट निघाले. इंग्रजी हायकूची मोठी मासिके अमेरिकेतली. ‘मॉडर्न हायकू’ १९६९ पासून निघते; हायकू सोसायटी ऑफ अमेरिका १९६८ ला स्थापन झाली आणि तिचे ‘फ्रॉगपाँड’ १९७८ पासून आहे; ‘द हेरन्स नेस्ट’ १९९९ पासून. जपानात ‘मायनिची’ आणि ‘असाही’ या दैनिकांची इंग्रजी हायकूंची सदरे आहेत. इतो एन या चहाच्या कंपनीची स्पर्धा १९८९ पासून चालते, तिच्यात इंग्रजी विभाग आहे आणि निवडलेले हायकू चहाच्या बाटलीवर छापले जातात. यांतल्या मासिकांना कविता पाठवायला पैसे पडत नाहीत. छापून आल्यावर मानधनही नसते. काही संस्थांच्या स्पर्धांना कवितेमागे लहानसे शुल्क असते, ते मात्र आधी वाचावे.

मासिके वर्षभर दार उघडे ठेवत नाहीत. ठरावीक महिन्यांतच कविता घेतात आणि या मुदती बदलतात, म्हणून मासिकाच्या संकेतस्थळावरचा नियमांचा मजकूर त्याच दिवशी वाचावा. पाच ते दहा कविता एकाच ईमेलमध्ये, मजकुरातच, जोडपत्र न लावता. विषयाच्या ओळीत त्यांनी सांगितलेलेच शब्द. खाली नाव, गाव, देश. स्वतःविषयी दोन ओळींहून जास्त लिहू नये आणि कवितेचा अर्थ तर मुळीच समजावू नये. कविता अप्रकाशित हवी ही अट सगळीकडे आहे, पण समाजमाध्यमांवर टाकलेली कविता प्रकाशित धरायची की नाही यावर मासिकागणिक मत वेगळे. ज्या कवितांवर आशा आहे त्या कुठेच टाकू नयेत, एवढे करून वाद टळतो. तीच कविता एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवणे बहुतेकांना चालत नाही.

यासाठी एक तक्ता हवाच: कवितेची पहिली ओळ, कुठे पाठवली, तारीख, उत्तराची मुदत, उत्तर. उत्तर कधी आठवड्यात येते, कधी तीन महिने येत नाही. मुदत उलटल्यावर एकदा विनम्र ईमेल करावा, त्याआधी नाही. नकार दोन ओळींचा आणि कारणाशिवाय असतो, तो मनाला लावून घेण्यात अर्थ नाही. पाच-दहापैकी एक घेतली तरी ती चांगली कमाई समजतात. संपादक कधी कधी ‘एवढा “द” काढला तर घेतो’ असे लिहितो. शक्यतो मान्य करावे. तो दिवसाला शेकडो ओळी ऐकणारा कान असतो. घेतलेली कविता पुढे दुसरीकडे छापताना मूळ मासिकाचा उल्लेख द्यावा लागतो, म्हणून अंकाचा क्रमांक तक्त्यातच लिहून ठेवावा.

वाट पाहण्याच्या काळात हिवाळ्याच्या कविता लिहून झाल्या. ताइयाकीची कविता ओळी मोडायचा धडा म्हणून उपयोगी आहे. आधी दुसरी ओळ ‘बोथ हँड्स आउट ऑफ’ अशी लोंबकळत होती. ओळीचा शेवट शब्दयोगी शब्दावर झाला की वाचक अडखळतो, आणि अडखळण्यातून काही मिळत नसेल तर ती नुसती खोट. उलटवून पाहिले:

ताइयाकी—
आउट ऑफ हिज पॉकेट्स
बोथ हँड्स

थंडीचा उल्लेख नाही, पण खिशातून दोन्ही हात बाहेर निघाले म्हणजे ती होतीच.

डिसेंबरात कोम्पेइतोवर अडलो, आणि तिथे आपली वाट सापडली. पोर्तुगीजांनी जपानात आणलेली ही काटेरी साखरमणी. १५६९ मध्ये लुईस फ्रॉइश या पाद्र्याने ओदा नोबुनागा या सरदाराला ती काचेच्या बरणीतून नजर केली. हा फ्रॉइश १५४८ मध्ये गोव्यात उतरला होता आणि जपानला जाण्याआधी तिथे शिकला. आज ती तिरक्या, फिरत्या, तापलेल्या मोठ्या परातीत साखरेच्या दाण्यावर थोडा थोडा पाक सोडत दोन आठवडे वाढवतात. संक्रांतीचा हलवा करताना पाहिलेल्या माणसाला हे वाचताना परात, मंद आच आणि बोटांनी हलवत राहणे सगळे ओळखीचे वाटते. कोम्पेइतो बारमाही मिळते, त्यामुळे किगो म्हणून ती कच्ची. हलव्याला मात्र ऋतू आहे, थंडी पडल्याशिवाय काटा नीट येत नाही. मासिके आपल्या भूमीतले ऋतुशब्द आनंदाने घेतात:

विंटर सन—
शुगर ग्रोइंग थॉर्न्स
ऑन अ सेसमी सीड

जपानी मिठायांच्या संचात ही एकच पाहुणी.

संच लावताना साइजिकीचा क्रम धरला, फक्त नववर्ष आधी की वसंत आधी हे आपण ठरवायचे. शेजारच्या दोन कवितांत एकच क्रियापद, एकच आकडा किंवा दोन्हीकडे आडवी रेघ नको. पुस्तिका छापायला छापखाना लागत नाही. सेव्हन-इलेव्हन या जपानात जागोजागी असलेल्या दुकानाच्या छपाईयंत्रात पुस्तिकेचा पर्याय असतो: पीडीएफची पाने चाराच्या पटीत करावीत, ए-फोर कागद दुमडून ए-फाइव्ह होतो, सोळा पानांना चार कागद लागतात. काळ्या-पांढऱ्या छपाईला एका बाजूला दहा येन पडले, म्हणजे पुस्तिकेमागे ८० येन. घडीवर दोन टाचण्या मारायला लांब हाताचा स्टेपलर हवा, साधा पोचत नाही. एका पानावर एकच हायकू, पानाच्या मध्यापेक्षा जरा वर. शेवटच्या पानावर कुठली कविता आधी कुठे आली त्याची यादी. आणि ज्या कविता अजून एखाद्या संपादकाच्या टपालात पडून आहेत त्या पुस्तिकेत घालू नयेत. तिथून नकार आला की पुढच्या आवृत्तीत चार पाने वाढवता येतात.